माशासकट खरी नक्कल

नांदेडहून लातूरची पहिली एस.टी. पकडली तेव्हा माझ्या पिशवीत दोन भाकऱ्या, पाण्याची बाटली आणि ब्राझीलहून आलेली एक चिठ्ठी होती. भाकऱ्या बायकोने दिल्या होत्या. चिठ्ठीबद्दल तिला सांगितलं असतं, तर त्याही मिळाल्या नसत्या.

मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि 'चिंधी' नावाचं अनियतकालिक काढतो. सायक्लोस्टाइलवर, साठ प्रती, तेही शाई पुरली तर. त्यातली एक प्रत फिरत फिरत ब्राझीलला पोचली आणि तिथल्या एका चित्रकाराने मला टपाल-कलेच्या बिरादरीत ओढलं. या बिरादरीतले लोक जगभरातून एकमेकांना टपालाने चित्रं पाठवतात. निवड नाही, नकार नाही. येईल ते सगळं प्रदर्शनात लागतं. दहा वर्षं ज्याचं सगळं साभार परत आलं, त्याला आणखी काय हवं!

दोन महिन्यांपूर्वी त्या गृहस्थाने एक मोठा कागद पाठवला होता. मधोमध मासा, भोवती रबरी शिक्के, आणि नियम एवढाच: यात तुमचं काहीतरी घाला, पुढे पाठवा, शेवटच्याने मला परत करावा. मी खोडरबर कोरून केलेला कावळा त्यावर उठवला आणि कागद माझे कविमित्र शिवलिंगअप्पा यांच्याकडे धाडला. तो गेला तो गेलाच. आता चिठ्ठी आली होती की प्रदर्शन जवळ आलं, कागद कुठे आहे? माझा कावळा परदेशातल्या भिंतीवर लागण्याची ही पहिली आणि बहुधा शेवटची संधी होती. ती घालवायची माझी तयारी नव्हती.

लोहा मागे पडलं. दोन्हीकडची रानं करपून गेलेली, रस्त्याकडेला दुष्काळी कामावरची माणसं खडी फोडत बसलेली. अहमदपूरच्या स्टँडवर उतरलो आणि हॉटेलात सुशीला (भिजवलेले मुरमुरे फोडणी घालून करतात ती) मागितली.

"न्हाई," हॉटेलवाला म्हणाला. "मुरमुरे भिजवायला पाणी कुठून आणू? कोरडे खावा."

मी कोरडे खाल्ले, ठसका लागला आणि बाटलीतलं निम्मं पाणी तिथेच संपलं.

अप्पांचं गाव तिथून पुढे, रस्त्यालगतच. त्यांचं किराणा दुकान आहे, त्याच दुकानात गावचं पोस्ट आहे, आणि 'चिंधी'ला न चुकता कविता पाठवणारे ते एकटेच.

"अप्पा, तो माशाचा कागद?"

"लई भारी झाला व्हता, सर."

'व्हता' ऐकून मी पिशवी तिथेच खाली टेकवली.

झालं होतं असं. अप्पांनी कागद दुकानात मांडला आणि येईल त्याला प्रामाणिकपणे नियम सांगितला: तुमचं कायतरी घाला, पुढं धाडायचाय. या उन्हाळ्यात असा कागद गावात एकाच कामासाठी फिरत होता, टँकरच्या अर्जासाठी. वर शिक्के तर होतेच. लोकांनी रांग लावून अंगठे उठवले.

"अहो, मग अडवायचं नाही का?"

"त्रेचाळीस अंगठे, सर! कसं आडवू? पैले तीन अर्ज वाया गेलते. अन् पुढं धाडा असं तुमीच कळवलं व्हतं. धाडला लातूरला."

मी पुढच्या गाडीने लातूर गाठलं. ते नुकतंच जिल्हा झालं होतं. गावभर पाट्यांचा रंग ओला होता. टंचाईचं काम बघणारी कचेरी एका शाळेत भरली होती. फळ्यावर तहानलेल्या गावांची यादी आणि शिक्क्यांवर अजून जुना जिल्हा. प्रत्येक कागदावर शिक्का मारायचा, उस्मानाबाद खोडायचं आणि हाताने लातूर लिहायचं, असं चाललं होतं. आमच्या बिरादरीतला कोणी हे बघता, तर तिथेच मुक्काम ठोकता.

तिथले नकलनवीस (कागदांच्या खऱ्या नकला करून देणारे) सय्यदसाहेब, निवृत्तीला टेकलेले. त्यांनी फाइल उघडली. माझ्या कावळ्याच्या डोक्यात 'आवक' असा शिक्का बसला होता. समासात वरच्या साहेबांचा शेरा होता: 'अर्जदारांनी पाण्याअभावी मेलेला मासा काढून परिस्थिती निदर्शनास आणली आहे. तातडीने टँकर द्यावा.'

ब्राझीलमध्ये तो मासा मजेत होता.

"हा कागद माझा आहे. परत हवाय."

"मिळंल की," सय्यदसाहेब चष्म्यावरून बघत म्हणाले. "अर्ज वापस घेतला म्हणून लिवून द्या. उद्या टँकर लागून राहिला, तेवढा बंद होईल."

लाज वाटते सांगायला, पण मी पेन काढलं होतं. टोपण उघडलं, परत लावलं. मग विचारलं, नक्कल मिळेल का?

"हाव. पण मासा जसाच्या तसा आला पायजे. शेरा त्याच्यावरच हाय."

पाच वाजेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मासा मूळ माशापेक्षा देखणा उतरला. भोवती मोत्यासारख्या अक्षरात त्रेचाळीस वेळा '(अंगठा)'. आणि कावळ्याच्या जागी एकच ओळ: 'एक पक्षी, ओळखू येत नाही.' खाली 'खरी नक्कल' आणि सही.

मला राग आला, आणि लगेच हसूही.

दुसऱ्या दिवशी परतताना आमची गाडी अप्पांच्या गावात अडली. रस्त्यात टँकर, भोवती घागरी, कळश्या आणि भांडण. अप्पांनी मला ओढून उतरवलं. त्यांनी आनंदाच्या भरात सगळ्यांना सांगून टाकलं होतं की कागद सरांचा होता.

"खरंच का, सर?" घागर काखेत घेतलेल्या एका म्हातारीने विचारलं. "मग त्यात लिवलं काय व्हतं?"

"तुमचं काहीतरी घाला आणि पुढे पाठवा, एवढंच."

"मग आमी काय येगळं केलं?"

तिने माझी रिकामी बाटली घेतली आणि घागरीतून अर्धी भरून दिली. मी नको म्हणालो, तर डोळे वटारले. कंडक्टर घंटी मारत होता. उरलेला रस्ता मी ती बाटली मांडीवर धरून बसलो.

घरी पोचून नक्कल ब्राझीलच्या पाकिटात घालायला घेतली. नियमाप्रमाणे आपलं काहीतरी घालायला हवं होतं. कावळ्याचा ठसा हातात घेतला आणि परत डबीत टाकला. मग अंगठ्याला शाई लावून तो कोपऱ्यात उठवला. फार स्वच्छ उठला नाही, पण माणसाचा आहे एवढं ओळखू येतं.