स्टेबल न झालेलं फाटक

आमच्या कॉलेजात फायनल इयरचा प्रोजेक्ट सहसा कोणी करत नाही, विकत आणतात. सीताबर्डीत एका कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या माळ्यावर दुकान आहे. तिथे साड्या दाखवाव्यात तसे विषय दाखवतात, हजेरीचा, रक्तपेढीचा, लायब्ररीचा. सोबत बाइंडिंग केलेला रिपोर्ट आणि व्हायवात काय विचारतील त्याची उत्तरंसुद्धा मिळतात. कोणाला यात काही वावगं वाटत नाही. मला वाटायचं. का ते नीट सांगता येत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, म्हणून कदाचित कॉलेज म्हणजे काय याची माझी कल्पना जरा भाबडी असेल.

त्या सुमारास मी एका प्रोग्रामिंग भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीत थोडंफार काम करत होते. स्टँडर्ड लायब्ररी म्हणजे भाषेसोबतच मिळणारा कोडचा साठा, जो ती भाषा वापरणारा प्रत्येकजण वापरतो. जगभरातले लोक तो इंटरनेटवर मिळून लिहितात. कोणीही हात लावू शकतं आणि कोणी तुमचं कॉलेज विचारत नाही. त्यातलं हेच मला सगळ्यात जास्त आवडलं होतं.

एका प्रोग्राममध्ये अनेक कामं एकाच वेळी चालू असतात, त्या प्रत्येकाला थ्रेड म्हणतात. सगळ्यांनी एकमेकांच्या अंगावर धावून जाऊ नये म्हणून त्यांना थांबवायची, सोडायची साधनं लागतात. त्यातलं एक साधन मी हाती घेतलं होतं. त्याचं खरं नाव इंग्रजी आहे, पण मी मनात त्याला फाटकच म्हणायचे, कारण ते आमच्या कळमेश्वरच्या रेल्वे फाटकासारखंच होतं. थ्रेड येतात, थांबतात. फाटक उघडलं की सगळे निघतात. मग ते पुन्हा बंद करता येतं, पुढच्यांसाठी.

हे फाटक बरीच वर्षं अनस्टेबल होतं. म्हणजे वापरा, पण तुमच्या जबाबदारीवर. ज्याने लिहिलं तो केव्हाच निघून गेला होता. कोणीतरी ते नीट चालतं का हे तपासणाऱ्या टेस्ट लिहायच्या, माहिती लिहायची, जुन्या शंका सोडवायच्या आणि ते स्टेबल करून घ्यायचं, असं हे काम होतं. त्याचं कोणी कौतुक करत नाही, म्हणून ते माझ्यासारखीसाठी शिल्लक राहिलं होतं. पण एकदा स्टेबल झालं की त्याचं रूप कायमचं ठरतं. त्यात चूक असली तरी ते बदलत नाहीत, कारण तोवर लोकांचे प्रोग्राम त्याच्या भरवशावर उभे राहिलेले असतात.

मी गाइड सरांना हे सगळं सांगितलं. सर वाईट नाहीत. त्यांनी ऐकून घेतलं.

"चांगलं आहे बेटा. पण अनस्टेबल म्हणजे अधुरं. बाहेरून परीक्षक येतात, त्यांना मी काय दाखवू? सबमिशनच्या आधी स्टेबल झालं तर प्रोजेक्ट म्हणून घेतो. नाही तर तुला माहीतच आहे, दुकान कुठे आहे ते."

मी वर्षभर त्यावर काम केलं. कळमेश्वरच्या बसमध्ये उभ्याने, मोबाइलवर, लोकांचे शेरे वाचायचे. अखेर लायब्ररीच्या जुन्या जाणत्यांनी हो म्हटलं आणि शेवटची मुदत लागली. त्या लोकांची रीत अशी आहे की मुदतीत कोणी हरकत घेतली नाही, तर सगळ्यांना मान्य आहे असं धरतात. गप्प राहणं म्हणजे होकार. मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं मला चांगलं जमतं.

मुदत चालू असताना एका दुपारी, काही कारण नसताना, मी टेस्टचं ॲप आईच्या फोनवर टाकून चालवून पाहिलं. आई घरी ब्लाउज शिवते, तिच्या ऑर्डरी त्याच फोनवर येतात. फोन सेकंडहँड, हळू चालणारा. टेस्ट चालू केली आणि मी भात लावायला गेले.

"काय करून राहिली वं तू माह्या फोनात?" आई मशीनवरून ओरडली. "पोळी शेकता येईन इतका तापला तो!"

"टेस्ट चालू हाये आई. हात नको लावू."

"तुह्या लॅपटॉपले काय झालं? त्याले सुट्टी दिली का?"

येऊन पाहिलं तर टेस्ट थांबली होती. संपली नव्हती, थांबली होती. एक थ्रेड सोडून सगळे निघून गेले होते आणि तो एक वाट पाहत बसला होता. पुन्हा चालवली, तेव्हा नीट चालली. पुन्हा चालवली, पुन्हा एक राहिला. कुठे अडकतो ते कळावं म्हणून मी मध्ये मध्ये काही ओळी स्क्रीनवर छापायला लावल्या, तर अडकणंच बंद झालं. छापायला वेळ लागतो, तेवढ्यात सगळ्यांचा वेग कमी होतो आणि मागचा पोहोचतो. ओळी काढल्या की तो परत अडकतो. म्हणजे पाहत असलं की चूक नाही आणि नजर हटवली की आहे. असलं काही कोणाला कसं दाखवायचं?

हळूहळू लक्षात आलं. आईच्या फोनच्या प्रोसेसरमध्ये काही कोअर, म्हणजे काम करणारे भाग, वेगाचे आणि काही सावकाश चालणारे होते. फाटक उघडायचं, पण सावकाश कोअरवरचा थ्रेड जागा होऊन निघेपर्यंत कोणीतरी ते पुन्हा बंद केलेलं असायचं. तो पाहायचा, फाटक बंद. परत बसायचा. आपल्यासाठी ते उघडलं होतं हे त्याला कधीच कळायचं नाही. माझ्या लॅपटॉपवर सगळे सारख्या वेगाचे, म्हणून तिथे हे कधी दिसलं नव्हतं. आणि ही आतल्या एखाद्या ओळीची चूक नव्हती. पुन्हा बंद करता येणं हेच चुकीचं होतं. फाटकाचं रूपच बदलावं लागणार होतं.

आईने विचारलं म्हणून तिला रेल्वेचं उदाहरण देऊन सांगितलं.

"मंग जो मागं राहिला त्याच्यासाठी थांबत काहून नाही?"

"थांबाची सोयच नाही त्याच्यात."

"मंग सांग ना त्याइले."

"सांगितलं तं माहा प्रोजेक्ट जाते आई."

आईने सुईत दोरा ओवला. मग म्हणाली, "मले त्यातलं समजत नाही वं. तुले जसं पटते तसं कर. पण फोन दे आधी, त्या बाईच्या बाह्या किती लांब ठेवाच्या ते विचाराचं हाये."

मी लिहिलं. पण कसं लिहिलं! इंग्रजी आम्ही सुट्टीच्या अर्जातून शिकलो, तसंच ते झालं. त्रासाबद्दल क्षमा मागितली, आपण सगळे माझ्याहून जाणते आहात असं म्हटलं, बहुतेक माझ्याच जुन्या फोनचा दोष असावा असंही म्हटलं, आणि मग शेवटी एक ओळ, की कधी कधी एक थ्रेड राहून जातो. जे गृहस्थ माझं काम तपासायचे त्यांनी पसंतीचा अंगठा टाकला. फोनवरही चालवून पाहिल्याबद्दल आभार मानले. त्यांना वाटलं, मी सगळं ठीक आहे असं सांगत आहे.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. मी सांगितलं होतं. आता कोणी समजून घेतलं नाही तर माझा काय दोष? दोन दिवस मी हे स्वतःला समजावत राहिले. बसमध्ये, वर्गात, जेवताना. पण डोळ्यांसमोर तो एक थ्रेड यायचा, बसलेला. उद्या हे कोणाच्या तरी प्रोग्राममध्ये जाईल, तो प्रोग्राम असल्याच एखाद्या स्वस्त फोनवर थिजेल, आणि त्या माणसाला वाटेल की आपला फोनच भिकार आहे. जसं मी लिहिलं होतं.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी मी कॉलेजच्या लॅबमधून दुसरा शेरा लिहिला. क्षमा नाही, ‘बहुतेक’ नाही. हे स्टेबल करू नये. पुन्हा बंद करण्याची सोय चुकीची आहे. खाली टेस्ट जोडली. पाठवल्यावर ते पान मी इतक्यांदा उघडून पाहिलं की मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "काय झालं वं, रिझल्ट लागला का?"

हरकत नोंदली गेली, मुदत थांबली. दुसऱ्या कोणाला तरी आपल्या फोनवर तेच दिसलं. तपासणाऱ्या गृहस्थांनी लिहिलं की वेळेवर सांगितलंत, नाही तर हे कायमचं गळ्यात पडलं असतं. मी ते वाक्य पुष्कळदा वाचलं. त्याने काही होत नाही.

सरांकडे गेले. "सर, ते थांबलं."

"कोणी थांबवलं?"

"मीच."

सरांनी चष्मा काढला. "तू सांगितलं नसतं तर कोणाला कळलं असतं?"

"आत्ता तर कोणालाच नाही सर."

"मग?"

सर रागावले नव्हते, हे जास्त वाईट होतं. "तूच सांग, रिपोर्टमध्ये निष्कर्षाच्या पानावर काय लिहू? झालं नाही, असं?" मला म्हणायचं होतं, हो, तसंच लिहा. म्हणाले नाही. "ठीक आहे सर," म्हणून बाहेर आले.

मेट्रोने सीताबर्डीला गेले. दुकानदाराने हजेरीचा विषय काढून दिला. "बिनधास्त राहा मॅडम, आपल्या प्रोजेक्टमध्ये काही अडकत नाही. चालूनच राहते." व्हायवात परीक्षकांनी जे विचारलं त्याची उत्तरं दुकानदाराच्या कागदावर होती, आणि मी ती दिली. त्यांनी चांगलं आहे म्हटलं. सरांसमोर मी खरं बोलत होते तेव्हा माझ्या आवाजात जो अडखळा होता तो त्या दिवशी अजिबात नव्हता.

फाटक कोणी नव्याने बांधलं नाही. सोपं रूप कसं असावं यावर थोडी चर्चा झाली, मग शेरे यायचे थांबले, आणि मग कोणी वाली नाही म्हणून ते लायब्ररीतून काढूनच टाकलं. म्हणजे वर्षभर मी ज्याच्या मागे होते ते आता कुठेच नाही, चुकीचंही नाही आणि बरोबरही नाही. मला वाटतं मी योग्य केलं. पण असं वाटण्याने सकाळी उठावंसं वाटत नाही. नोकरीच्या अर्जात प्रोजेक्टच्या रकान्यात मी हजेरी लिहिते.

परवा आईच्या फोनमध्ये जागा संपली. फोटो येईनात. मी म्हटलं, ते माझं टेस्टचं ॲप काढून टाकते, पुष्कळ जागा होईल.

"राहू दे," आई म्हणाली. "त्याच्यात तुहं काम हाये न."

"त्या कामाचं काही झालं नाही आई."

"मंग काय झालं, राहू दे."

तिने तिच्या गिऱ्हाइकांच्या ब्लाउजचे फोटो एकेक करून पुसून टाकले.