थोरलीचे न आलेले दात

बुलढाण्याकडच्या धाड गावातल्या आमच्या घरमालकीण काकू नसत्या, तर माझ्या थोरलीचे असलेले दातही मी घालवून बसले असते. हे आधी सांगते, मग बाकीचं.

काकूंच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं राहायचो. त्यांचा घरचा भाजीपाल्याचा मळा होता, आणि बाजाराच्या दिवशी वांगी, मिरच्या, सांभार घेऊन काकू स्वतः बसायच्या. सांभार म्हणजे कोथिंबीर, हे मला तिथं गेल्यावर कळलं. मी सातारा भागातली. चौथीत शाळा सुटली, पुढं लग्न झालं, आणि हे विजेच्या तारा ओढायच्या कामावर लागले म्हणून इतक्या लांब आलो. यांचं काम तेव्हा दुसरबीडकडं चालू होतं. घरी यायचे ते रविवारी. बाकी दिवस मी, थोरली आणि कडेवरचं तान्हं.

थोरलीला दहावं वर्ष लागलं होतं. वरचे पुढचे दोन मोठे दात नीट आले होते, पण त्यांच्या दोन्ही बाजूंचे दुधाचे दात पडून दोन वर्षं झाली तरी तिथं काही उगवेना. शाळेतल्या पोरी ‘बोळकी’ म्हणायच्या. पोरगी हसायची ती तोंडावर हात घेऊन. पुढं पुढं तर पाढेसुद्धा म्हणेना.

आमच्याकडं पडलेला दात घरावर फेकतात. मीही फेकला होता. पण आमच्या खोल्यांवर पत्रा. दात खडखडत खाली आला आणि कोंबडीनं उचलला. गल्लीतल्या बायकांनी दोष तिथंच धरला. पत्र्यावर फेकलेला दात कुठं टिकतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून दुसरा दात शेणात घालून काकूंच्या कवेलूच्या, म्हणजे कौलारू, घरावर फेकला. त्या जागीही नवा आला नाही. मी हसत होते खरी, पण मनातून मलाही वाटत होतं, आपलंच काही चुकलं.

गल्लीतल्या सगळ्या पोरांचे हलते दात काकूच काढायच्या, काळ्या दोऱ्यानं. त्यांनी थोरलीचं तोंड उघडून पाहिलं. खालच्या दाढांमध्ये दोन्हीकडं एकेक दुधाची दाढ अजून होती, घट्ट. हे जुने बसून राहिलेत म्हणून नवे अडलेत, ते काढू, असं त्या म्हणाल्या आणि दोरा आणायला उठल्या. पोरीनं दात आवळले. दोरा हातात घेऊन काकू जरा वेळ तिच्याकडं बघत बसल्या आणि त्यांनीच तो परत ठेवला.

“वरचे पडून दोन वर्सं झाले,” त्या म्हणाल्या. “जागा तं रिकामी पडेल हाये. मंग थे काऊन नाही आले वं? चाल, बुलढाण्याले दाखवू.”

एसटीनं एकटं जायची मला तेव्हा धास्ती होती. काकूंनी मळा सुनेवर टाकला आणि माझ्याबरोबर आल्या. डॉक्टर मुंबईत शिकून आलेला, तरुण. त्यानं थोरलीच्या जबड्याचे फोटो काढले आणि ती काळी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. हाडात पुढं येणारे दात दिसतात, ते त्यानं बोटानं दाखवले. मग रिकाम्या जागा दाखवल्या. वरचे दोन नाहीत आणि खालच्या त्या दुधाच्या दाढांखालीही काही नाही. जन्मतःच नाहीत. येणार नाहीत.

मी विचारलं, पोटात असताना माझं काही खाण्यापिण्यात चुकलं का? तो म्हणाला, नाही. असं घराण्यातून येतं बऱ्याचदा. खालच्या दुधाच्या दाढांना हात लावू नका, नीट सांभाळल्या तर त्या खूप वर्षं काम देतील. वरती टाळूला बसणारी पट्टी करू, तिला दोन दात. रात्री काढून पाण्यात ठेवायची, जबडा वाढेल तशी नवी करायची. कायमचे बसवता येणार नाहीत का, असं मी विचारलं. त्यासाठी शेजारचे चांगले दात घासावे लागतात, आणि एवढ्या लहान वयात ते करू नये, असं त्यानं सांगितलं. मोठी झाली की बघू.

मी मान हलवली. कळलं होतं थोडंच.

घरी सासूबाई आल्या होत्या, तान्ह्याला बघायला. सगळं ऐकून त्यांनी पहिलं सांगितलं ते हे, की आमच्या घराण्यात असलं काही नाही, हे तुझ्याकडचंच. दुसरं म्हणजे बाजारात एक दातवाला बसायचा, फडक्यावर कवळ्या आणि सुटे दात मांडून. त्याच्याशी त्यांचं बोलणं झालं होतं. खालच्या दाढा काढल्या की नवीन येतील, आणि वरचे दोन दात शेजारच्या दातांना तारेनं बांधून एका बैठकीत कायमचे बसवतो, असं त्यानं सांगितलं होतं.

“पोरीची जात हाय,” सासूबाई म्हणाल्या. “रोज काढायचं-घालायचं दात घिऊन नांदाय जाईल व्हय ती?”

एका बैठकीत काम होतंय, हे मलाही बरंच वाटत होतं, खोटं कशाला सांगू. बाजाराच्या दिवशी मी सासूबाई आणि थोरलीबरोबर गेले. दातवाल्यानं थोरलीला फडक्यावर बसवलं, हनुवटी धरली, अंगठा तोंडात घातला. समोरच वांग्यांच्या ढिगामागं काकू बसल्या होत्या. त्या गिऱ्हाईक तसंच सोडून आल्या.

“डाक्टरनं काढू नोको म्हनलं ना?” त्या मला म्हणाल्या. मग दातवाल्याकडं वळल्या. “नवे नाही आले, त तुह्ये देशीन का बे काढून?”

आजूबाजूची माणसं हसली. दातवाल्याचे स्वतःचे पुढचे दात नव्हते, तोही हसला, आणि हसताना त्याचा अंगठा बाहेर आला. मी थोरलीचा हात धरला आणि सरळ घरी आले. सासूबाई मागून बोलत होत्या. मी मागं बघितलं नाही. जोवर मला स्वतःला पटत नाही, तोवर हिच्या तोंडात कुणाचा हात जाऊ द्यायचा नाही, एवढं चालता चालता ठरवलं.

‘घराण्यातून’ हा शब्द मात्र डोक्यातून जात नव्हता. माझ्या माहेरच्यांचे दात मी आठवून आठवून मोजले. सगळ्यांचे पुरे. रविवारी हे अंगणात ऊस सोलत बसले होते. मी म्हटलं, तोंड उघडा.

“काय, घोडा विकत घेतेस का?” हे म्हणाले, पण उघडलं. उन्हाकडं तोंड करून बघितलं, तर खाली एका बाजूला एक दाढ शेजारच्यांपेक्षा बुटकी, झिजलेली, अगदी थोरलीच्या दाढेसारखी. आणि वर एक दात तांदळाच्या दाण्याएवढा. इतकी वर्षं संसार केला आणि कधी दिसलं नव्हतं.

त्यांना घेऊन मी बुलढाण्याला गेले. या वेळी एसटीत मी पुढं होते. डॉक्टरनं आरसा आत घालून पाहिलं आणि म्हणाला, ही दुधाचीच दाढ. तिशी उलटलेला माणूस त्या दाढेनं ऊस फोडत होता. मला आणखी काही पटवून द्यायची गरज उरली नाही.

घरी आल्यावर हे सासूबाईंना सांगितलं. त्या हळूच म्हणाल्या, याची येक दाढ पडलीच न्हवती, आता आठवलं. माझ्या माहेरचं नाव त्यानंतर निघालं नाही. पण नांदायचा मुद्दा त्यांनी सोडला नव्हता.

“ती नांदायला जाईल तेव्हा जाईल, आत्ती,” मी म्हणाले. “आज तिला शाळेत जायचंय. खालच्या दाढा कुणी काढायच्या नाहीत. वर पट्टीच करायची. पुढं काय करायचं ते मोठी झाल्यावर ती सांगेल.”

सासूबाईंना असं उलट मी कधी बोलले नव्हते. हे तर नुसते हो म्हणाले.

माप घ्यायच्या दिवशी तान्हं तापानं फणफणलं, म्हणून थोरलीला काकूच घेऊन गेल्या. मापाचा लगदा तोंडात गेल्यावर पोरीला उमासे आले. काकू पाठीवर हात ठेवून मिरच्यांचा भाव, गाईचं वासरू, काय वाटेल ते सांगत बसल्या म्हणे. पट्टी आली, तर बोलणं बोबडं झालं. पोरीनं ती काढून कोनाड्यात टाकली आणि रडायला लागली. काकूंनी धुऊन परत घालायला लावली, बाजारात आपल्या ढिगाशी बसवलं आणि सांगितलं, ओरड. सांभार, शेपू, शेंगा. सगळा माल ‘स’चा आणि ‘श’चा. आधी गिऱ्हाइकाला कळेचना. काकू म्हणायच्या, “इकल्याशिवाय उठाचं नाही.” संध्याकाळपर्यंत शेपू संपला होता आणि पोरगी तोंडावरचा हात काढून ओरडत होती. पुढं शाळेत पाढेही म्हणायला लागली.

आता यांची बदली धामणगाव बढ्याला झाली आहे. थोरलीची पट्टी दोनदा नवी केली. खालच्या दोन्ही दुधाच्या दाढा जागेवर आहेत. रोज रात्री मी दिवा धरून बघते, मग ती मला ओरडते.

परवा धाडहून आलेल्या एकानं सांगितलं की काकूंना भाकरी कुस्करून खावी लागते, दात ढिले झालेत. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणतात, आता कोनाले दाखवाचे? काकू, तुम्ही नाही म्हणालात तरी मी येणार आहे. तेव्हाचं तान्हं आता चांगलं पळतं, त्याला बरोबर घेईन. तुमच्या शेजारी एसटीत बसेन, आणि मापाचा लगदा तोंडात जाईल तेव्हा तुमच्या पाठीवर हात माझा असेल. जमेल तेव्हा नाही, जमवून येईन.