आई सौताड्याला पावणी झाली

आत्ता रूममेटनं सीताफळ फोडलं अन् त्या वासानं मी थेट सौताड्याच्या धबधब्यावर! तिथं पायऱ्यांपाशी बाया सीताफळाच्या पाट्या घेऊन बसायच्या ना, तोच वास.

मी चौथीत होते. दसरा झाला की आई-बापू ऊसतोडीला जाणार होते. धबधबा गावाजवळच, पण आईनं कधी पाहिलाच नव्हता. पावसाळ्यात शेत, नंतर उसाचा फड. मी लई हट्ट केला, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी आमी तिघं गेलो. पायऱ्या उतरताना मला एकच धाकधूक, पाणी आटलं असलं तर?

आटलं नव्हतं, पण धार अगदी बारीक. मी रडवेली झाले. "आई, एवढंच हाय गं."

आई साडीसकट त्या धारेखाली जाऊन बसली! सहलीला आलेल्या बाया बघतच राहिल्या.

बापू वरडले, "अगं ऊठ, बोचकी बांधायचीत अजून!"

"तुमी बांधा की. मी आज पावणी हाय."

बापू हसतच सुटले. मला मात्र वरच्या टपरीवरच्या भज्यांची घाई, मी तिला हात धरून ओढून उठवलं.

आता वाटतं, कशाला उठवलं मी? वर्षभरात ती तेवढीच निवांत बसली होती, अन् भजी काय पळून चालली होती का!