जावईबापूंचा नकाशा

माझी सासुरवाडी पाण्याखाली आहे. वैनगंगेवर धरण झालं, गाव उठलं आणि सासूबाई आमच्याकडे शहरात, नंदनवन वस्तीत राहायला आल्या. गावदेवी मात्र तिथेच राहिली. पावसाळ्यात तिचं टेकाड बुडतं, आणि मे महिन्यात पाणी उतरलं की पुन्हा वर येतं; तिथं जायचं ते नावेनंच. गाव उठल्यापासून सासूबाईंचं तिकडे जाणं झालं नव्हतं. यंदा त्या म्हणाल्या, "देवीची ओटी भरून येऊ, बापू. या गुडघ्यांचं काही खरं नाही. पुढच्या उन्हाळ्यात डोंग्यात चढणं होते का नाही, कोणाले ठाऊक!"

ऐकून मला भरून आलं. मला भरून आलं की मी तयारीला लागतो. (घरच्यांचे हाल तिथूनच सुरू होतात.)

उपग्रहानं टिपलेलं नदीचं चित्र मी मोबाइलवरून उतरवलं, मोठ्या कागदावर छापून घेतलं, वर प्लास्टिक चढवलं आणि काठापासून टेकाडापर्यंत लाल शाईनं सरळ रेघ ओढली.

"अहो, पण डोंगेवाला सुखदेवभाऊ आहे ना तिथं? जन्म गेला त्याचा नदीत," बायको म्हणाली.

"अंदाज वेगळा अन् नकाशा वेगळा!"

काठावर सुखदेवभाऊंनी हात जोडले. "गावाचे जवाई आले!" गाव बुडालं तरी जावई बुडत नाही. त्यांनी मला गोधडीची घडी घालून डोंग्यात सगळ्यांत पुढे बसवलं आणि बांबू टेकून डोंगा डावीकडे वळवला.

"थांबा! रेघ उजवीकडे आहे."

"तिकडून, जवाईबापू?"

"पाहा ना, इथं सगळं निळं आहे. निळं म्हणजे खोल!"

सुखदेवभाऊंनी नकाशाकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई पदर सावरत दुसरीकडे पाहू लागल्या.

"बरं. जवाईबापू म्हणतेत तसं."

पाच मिनिटांत बांबू गाळात रुतायला लागला. दहाव्या मिनिटाला एक बगळा आमच्या पुढून नदीतून चालत गेला. चालत!

"अहो, बगळा चालून राहिला!" बायको ओरडली.

"उंच असन तो," मी म्हणालो.

तेवढ्यात डोंगा चिखलावर चढला आणि तिथेच बसला. बायकोनं नकाशा हिसकावला. "हे चित्र कधीचं आहे?"

"पोळ्याच्या सुमाराचं."

"म्हणजे भर पुरातलं! अन् आपण मे महिन्यात आलो!"

मी सुखदेवभाऊंकडे वळलो. "तुम्हाले माहीत होतं?"

"हो जी."

"मग काहून सांगतलं नाही?"

"गावाच्या जवायाले चूक कसं म्हणावं जी? पाप लागते."

दिवस कलला होता. संध्याकाळचा वारा सुटायच्या आत निघालो नाही तर ओटी न भरताच परतावं लागेल, असं सुखदेवभाऊ म्हणाले. सासूबाई मांडीवर खण-नारळ धरून टेकाडाकडे पाहत होत्या. मला फार वाईट वाटलं. मी पँट वर करून खाली उतरलो आणि गुडघ्यापर्यंत रुतलो. पाय वर आला, चप्पल खालीच राहिली. (पुढच्या वर्षीच्या चित्रात दिसेल.) दुसऱ्या जोराला डोंगा सरकला आणि मी चिखलात बसलो.

"आता इथून कसं काढावं?" सुखदेवभाऊ पुटपुटले. "इकडं मी कधी येत नाही. गाळ दरसाल जागा बदलते."

सासूबाईंनी चष्मा पुसला. "सुखदेवा, ते चिंचेचं खोड दिसते ना? तो आपला पार. त्याच्या डाव्या अंगानं गाडरस्ता जाये. दोन्हीकडं बांध, मधात खोलगट. तिथं पाणी असनच."

पाणी होतं! डोंगा त्या बुडालेल्या गाडरस्त्यानं चालू लागला. सासूबाई एकेक वळण सांगत होत्या. मध्येच आवाज उतरला. "हे आपलं अंगण." बायकोनं त्यांचा हात धरला.

उन्हं असतानाच आम्ही टेकाडाला लागलो. सासूबाईंनी ओटी भरली, पायरीवर डोकं टेकलं. देवीपाशी एका वेळी एकच मागणं मागायचं, असा गावचा रिवाज. मी मागे चिखलानं माखून, अनवाणी, हात जोडून उभा होतो. त्या हळूच म्हणाल्या, "माय, जवाई मनाचा लय चांगला आहे. त्याले तेवढं नीट घरी नेऊन सोड. माह्या गुडघ्यांचं मी पाहीन."

इतक्या वर्षांनी देवी भेटली, आणि त्यांचं एकुलतं एक मागणं माझ्यापायी खर्च झालं!