लहान आकड्याचा पत्ता

सावेडीतल्या दुकानात नव्या पत्त्यांचा वास आला आणि देवळालीच्या शाळेचा व्हरांडा आठवला. पैलवानांच्या पत्त्यांवरचे उंची, वजन, रँकचे आकडे एकमेकांशी ताडून आम्ही खेळायचो. हरलेला पत्ता कायमचा जायचा. एके दिवशी माझ्याकडे शेवटचा उरला होता.

"बोल की, भ्यालास व्हय?" समोरचा बाळ्या म्हणाला.

"रँक... दोन."

"माझी तीस! मोठा आकडा माझा. आन इकडं!"

उंची-वजनात मोठा आकडा जिंकतो, रँकमध्ये मात्र लहान, हे मला माहीत होतं. पण बाळ्या ओरडला आणि माझी खात्रीच गेली. मी पत्ता देऊन टाकला.

कॉलेजात उत्तर येत असूनही माझा हात वर होत नाही, तेव्हा तोच आवाज ऐकू येतो. बाळ्यालाही नियम ठाऊक असावा, असं आता वाटतं. पत्ता खिशात घालताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नव्हतं.