पांढऱ्याची पारख

हल्ली कामावर मला खुर्चीवरून उठावं लागत नाही. लोकांना हे सुख वाटतं. मला मात्र त्या जुन्या फेऱ्या आठवतात.

नगरच्या एमआयडीसीत आमच्या कारखान्यात प्लास्टिकचा पांढरा दाणा बनतो. मी प्रयोगशाळेत लागले तेव्हा दर तासाला मशीनपाशी जायचं, मूठभर दाणा आणायचा, दाबून त्याची चकती करायची, रंग मोजायचा आणि निकाल सांगायला परत मशीनपाशी. तोवर बराच माल पुढे गेलेला असायचा.

मशीनवर पाथर्डीकडचे एक काका होते, निवृत्तीला आलेले. वितळलेल्या प्लास्टिकच्या तारा शेवयांसारख्या पाण्यात उतरायच्या. काका एक तार उचलून खिडकीच्या उजेडात धरायचे आणि माझ्या आधीच सांगायचे, "जरा पिवळं मारतंय, पोरी. उष्णता कमी करतो." बहुतेक वेळा ते बरोबर असायचं. माझे वडील मी कॉलेजात असतानाच गेले होते. दिवसातून आठ वेळा कुणीतरी "आली का पोरी?" म्हणावं, याची मला किती सवय झाली होती, ते तेव्हा कळलं नाही.

मग कंपनीने मशीनच्या तोंडाशी रंग तपासणारी एक सळई, प्रोब, बसवली. काचेच्या बारीक तंतूतून प्रकाश आतल्या वितळलेल्या प्लास्टिकवर पडायचा, परत यायचा, आणि त्यातला कोणता रंग किती परतला याची रेघ दर काही सेकंदांनी पडद्यावर उमटायची. माल पिवळा पडू लागला की रेघेचं निळ्या बाजूचं टोक खाली झुकायचं.

"म्हंजे हे आत बघतं?" काकांनी विचारलं.

"हो."

"मग बरंय. मला आत बघता येत न्हाई."

दोन महिन्यांनी एका दुपारी रेघ झुकली. काकांनी तार उजेडात धरली. "पांढरं हाय. तुझं यंत्र चुकतंय." मी चकती करून मोजली, तर ती पिवळी होती. त्या आठवड्यात असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा मी एक चांगली आणि एक पिवळी अशा दोन चकत्या त्यांच्यापुढे ठेवल्या. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "दोन्ही सारख्याच हायेत की."

साहेबांना मी काही सांगितलं नाही. जेवणाच्या सुट्टीत काकांजवळ बसून म्हणाले, "काका, एकदा डोळे दाखवून घ्या ना."

त्यांनी डबा बंद केला. "तीस वर्षं ह्याच डोळ्यांवर भाकरी खाल्ली मी," म्हणाले आणि उठून गेले. पुढचे चार दिवस त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मला वाटलं, बोलून मी माणूस गमावला.

पाचव्या दिवशी ते प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. "कुठं दाखवायचं? मला एकट्याला न्हाई जमायचं."

अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी त्यांना स्कूटरवर दवाखान्यात नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाल्या, डोळ्यातलं भिंगच पिवळं पडत जातं, आणि इतकं हळूहळू की माणसाला पत्ता लागत नाही.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. महिन्याने ते कामावर आले ते थेट माझ्याकडेच. चांगली चकती मागून घेतली, आधी एक डोळा झाकला, मग दुसरा. "ह्या डोळ्यानं दुधासारखं. ह्या डोळ्यानं तुपासारखं." ते हसले. मग चकती परत देत म्हणाले, "तुझ्या काकूचे केस एवढे पांढरे झाल्यात, मला ठावंच नव्हतं, पोरी."

दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर ते परतलेच नाहीत. निवृत्तीला उरलेले थोडे दिवस रजेतच संपले. शिर्डीला त्यांच्या मुलाचं फुलांचं दुकान आहे, तो त्यांना घेऊन गेला. पडद्यावरची रेघ आता माझ्या टेबलावर येते. माल क्वचितच बिघडतो, आणि नवे ऑपरेटर मला मॅडम म्हणतात.

मधूनच काकांचा फोन येतो. "गुलाब निवडायला बसवत्यात मला. लालात किती परकार असत्यात, ये की एकदा बघायला."

मी राहते त्या केडगावहून शिर्डी काही फार लांब नाही. दर रविवारी जायचं ठरवते. मग वाटतं, दुकानात गर्दी असेल, ते कामात असतील, सून खुर्ची पुढे करेल, आणि आम्ही दोघं पाहुण्यांसारखे चहा पीत बसू.