आईचं ब्रह्मदेशातलं माहेर

ब्रह्मदेश तेव्हा परक्यांना सहजासहजी आत घेत नसे. घेतलंच तर आठवडाभर. उतरायचं सरकारनं ठरवलेल्या हॉटेलात, आणि तिथं नातेवाईक असतील तर वेगळी परवानगी लागायची, ती बहुधा येतच नसे. हे सगळं मला पाठ होतं, कारण आईला रंगूनचा सोन्याचा पॅगोडा बघायचा होता. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, मी तिथं कलेक्टर कचेरीत नोकरीला होते. नव्या जिल्ह्याचं नाव असलेला आईचा पासपोर्ट आला तेव्हा जळकोटातल्या आमच्या वस्तीनं तो हातोहात पाहिला.

दिल्लीतल्या ब्रह्मी वकिलातीत खिडकीवरच्या बाबूनं विचारलं, “वहाँ आपका कौन है?”

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, “मेरा मायका हाय वहाँ!” आपली हिंदी निजामाच्या राज्यातली, अस्सल, याचा तिला भारी तोरा. बाबूनं कागद बाजूला ठेवले. नातेवाईक निघाले म्हणजे व्हिसा अडला.

“माय, काय बोलून बसलीस गं?”

“खोटं बोलले का? बुद्धाचं घर ते माझं माहेर न्हाई का?”

माझं डोकंच फिरलं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून जिनं आम्हाला जगवलं तिची ही एकच हौस, आणि ती एका शब्दापायी जाणार! मी खिडकीशी एवढी भांडले की शेवटी आतून ब्रह्मी साहेबानं बोलावलं. त्यानं इंग्रजीत नातेवाइकांची नावं विचारली. मी आईला सांगितलं. तिनं पदर सावरला, हात जोडले आणि ‘बुद्धं सरणं गच्छामि’ असं त्रिसरण म्हणायला सुरुवात केली. दीक्षा घेतल्यापासून रोज म्हणायची तसंच, खणखणीत.

दुसऱ्या ओळीला साहेबाचेही ओठ हलू लागले. पाली तीच, फक्त आपण ‘सरणं’ म्हणतो तिथं तो ‘थरणं’ म्हणे.

“उच्चार चुकायलाय ह्याचा,” आई माझ्या कानाशी म्हणाली, “पर पाठ हाय.”

साहेबानं बाबूचा शेरा खोडला, शिक्का मारला. मग उठून उभा राहिला, दोन्ही हातांनी पासपोर्ट आईला दिला आणि वाकला. आमच्या गावात आईला बघून कुणी बसल्या जागेवरून हललेलं मी कधी पाहिलं नव्हतं. साहेब अजून उभाच होता.

“बस की लेकरा,” आई त्याला म्हणाली.